अत्ती हरवल्या आहेत

३ फेब्रुवारी २०२५

रोज दोन ओळी तरी लिहायच्या, असं बुद्धप्रिया मॅडमनी सांगितलंय. ताप किती, कुठला सांधा दुखला, केस किती गळले, उन्हात गेले का. माझा ल्युपस दोन वर्षांपासून त्याच बघतात. म्हणाल्या, "शिवलीला, तू प्रेसमध्ये लोकांच्या लग्नपत्रिकांतल्या चुका काढतेस ना? आता स्वतःच्या अंगाचं प्रूफ वाचत जा. मी वही बघणार नाही, फक्त विचारीन."

बघणार नाहीत, म्हणून मोकळेपणानं लिहिते.

ताप नव्व्याण्णव. दोन्ही मनगटं सकाळी तासभर आखडलेली. काल कुंभारीला वास्तुशांतीला गेलो होतो. मांडव छोटा, बायकांची पंगत उन्हात. गालांवरची लाली परत आली. घरी आल्यावर अत्तींनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. अत्ती म्हणजे सासूबाई, आमच्यात असंच म्हणतात. मॅडमना आधी वाटलं होतं, मी घरात हत्ती पाळलाय.

अत्ती काही बोलल्या नाहीत, ही मात्र लिहून ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

७ फेब्रुवारी

ताप एकशे एक. प्रेसला गेले नाही. मालकांना, म्हणजे सतीशदादांना फोन केला. म्हणाले, "पडून राहा. पत्रिका काय पळून जात नाहीत."

हे सकाळच्या गाडीनं कुर्डुवाडीला, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये. घरात मी आणि अत्ती. अकरा वर्षांत अत्तींनी मला दिवसा पडू दिलेलं नाही. सांधे दुखायला लागले तेव्हा "ढोंग करतीया" म्हणाल्या होत्या, आजाराचं नाव कळेपर्यंत म्हणत होत्या. आज स्वतः मऊ भात घेऊन आल्या, वर तूप, आणि म्हणाल्या, "दोन घास खा गं माझी बाई."

मी ताटलीकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. भात चांगला होता.

११ फेब्रुवारी

चार दिवस झोप नाही. आज बारीक लक्ष ठेवलं. अत्ती विभूती लावताना तीन बोटं डावीकडून उजवीकडं ओढतात. आज उजवीकडून डावीकडं. चहात साखर कमी. मला "लीला" म्हणाल्या. अत्ती मला लीला म्हणत नाहीत. चिडल्या की "हुच्ची" म्हणतात, चिडल्या नसल्या तर काहीच म्हणत नाहीत. हुच्ची म्हणजे कानडीत वेडी.

एका पानावर इतक्या चुका एकदम येत नाहीत.

१३ फेब्रुवारी

लक्षात आलं. ह्या अत्ती नाहीतच.

इतकं साधं होतं आणि मी आठवडाभर डोकं शिणवलं. ही बाई म्हणजे अत्तींची झेरॉक्स आहे. चांगल्या मशीनवर काढलेली, डाव्या मनगटावरचा कढईचा डागसुद्धा जागच्या जागी. पण झेरॉक्सच.

भीती वाटली नाही. बाई सज्जन दिसतात. प्रश्न एवढाच की मग खऱ्या अत्ती कुठं आहेत? त्यांची दाढ दुखत होती. तिकडं लवंग तरी कुणी दिली असेल का?

१४ फेब्रुवारी

यांना सांगितलं. हे आधी हसले. मग हसायचे थांबले.

"लीला, अव्वा आहे ती."

"तुमची आई हरवलीय आणि तुम्ही भाकरीवर शेंगाचटणी घेताय."

यांनी चटणीचा चमचा खाली ठेवला. बाई दारात उभ्या होत्या. मी त्यांना म्हणाले, "तुमचा राग नाही हं, मावशी. तुम्ही जेवून घ्या." त्या आत गेल्या. बराच वेळ मोरीत पाणी सोडल्याचा आवाज येत होता.

१७ फेब्रुवारी

वर्कशॉपमधल्या कुणीतरी यांना सांगितलं की स्टेरॉइडच्या गोळ्यांनी माणसाचं डोकं फिरतं. यांनी माझा गोळ्यांचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं. "आठ दिवस बंद करून बघू."

मावशी मध्ये पडल्या. "डॉक्टरबाईला इचारल्याबिगर न्हाय बंद करायचं."

"त्यांनीच दिल्यात ना ह्या गोळ्या?"

"मग त्यांनाच इचार की!"

हे ऐकेनात. मावशींनी माझ्यासाठी एवढं भांडावं, याचं नवल वाटलं. त्यांचा आणि माझा संबंध काय? गोळ्या बंद झाल्या ते बरंच झालं. कडू होत्या.

१९ फेब्रुवारी

बसून राहण्यात अर्थ नाही. प्रेसला जाऊन पत्रक तयार केलं. वर ठळक अक्षरात "हरवल्या आहेत". खाली: श्रीमती महानंदा, वय सदुसष्ट, रंग सावळा, अंगात हिरवं इरकल, कन्नड व मराठी बोलतात, कन्नड जास्त जोरात बोलतात. शोधून देणाऱ्यास योग्य बक्षीस.

मावशी माझ्यासोबत आल्या होत्या. मी एकटी कुठं निघाले की त्या चप्पल घालून तयारच असतात. स्क्रीनवर फोटो बघून म्हणाल्या, "ह्यो नको. ह्यात डोळं मिटल्यात माझं."

"तुमचं नाही, अत्तींचं."

"व्हय, त्यांचंच. पर डोळं मिटलेल्या बाईला कोण वळखंल? लग्नातला घाल."

बरोबर होतं. यांच्या चुलतभावाच्या लग्नातला घातला. सतीशदादा एकदा माझ्याकडं, एकदा मावशींकडं बघत होते. मावशींनी त्यांना मान हलवून काहीतरी खुणावलं. दादा म्हणाले, "पन्नास काढतो, ताई," आणि पाठ फिरवून चष्मा पुसत बसले.

शुक्रवार पेठेतल्या दुकानांतून आम्ही दोघींनी मिळून पत्रकं वाटली. मावशी खळीचा डबा धरून होत्या. एक दुकानदार त्यांना म्हणाला, "अहो, ह्या तर तुम्हीच!" मावशी म्हणाल्या, "दिसती तशी. चिकटव गुमान."

२१ फेब्रुवारी

आज मावशी भाजी आणायला गेल्या आणि रिक्षातून परत आल्या. रिक्षावाल्यानं त्यांना जवळजवळ धरूनच आणलं होतं. हातात आमचं पत्रक. "घ्या, सापडल्या. मंडईत सापडल्या. येत नव्हत्या, लई ओरडत होत्या. बक्षीस द्या."

मी नीट बघितलं. म्हणाले, "दादा, ह्या त्या नाहीत."

"अहो, फोटो बघा की!"

"फोटोच बघतेय. माणूस दुसरं आहे."

तो मावशींना म्हणाला, "आजी, तुमी तरी सांगा, तुमी कोण?"

मावशींनी मेथीची जुडी सावरली. "ती म्हणती तेच खरं बाबा. तू चहा घे आन जा."

त्यानं दोन कप चहा घेतला. जाताना मला म्हणाला, खऱ्या सापडल्या तर फोन करतो. चांगला माणूस.

२४ फेब्रुवारी

चौकीत तक्रार द्यायला गेले. मावशी सोबत. टेबलावर सोमशेखर नावाचे हवालदार होते, मोठ्या मिशीचे, कंटाळलेले.

"कोण हरवलंय?"

"माझ्या सासूबाई."

"उंची?"

मला आठवेना. मावशी म्हणाल्या, "पाच फूट एक इंच."

"काही खूण?"

"डाव्या मनगटाला भाजल्याचा डाग," मी म्हणाले.

"कसला डाग?"

मावशींनी हात पुढं करून दाखवला. "असा."

हवालदारांनी लिहायचं थांबवलं. "आणि ह्या कोण?"

"ह्या सध्या आहेत," मी म्हणाले.

हवालदार खुर्चीत मागं टेकले. मावशी टेबलावर वाकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "लिव्हून घ्या सायेब. पोरीला पंधरा दिस ताप हाय." हवालदारांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. माझ्या गालांवर फोड आल्यासारखं झालं होतं, केस टिकलीएवढ्या जागांतून गेलेले. मग त्यांनी नवीन कोरा कागद घेतला, सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं, खाली सही केली. "ताई, शोध सुरू करतो. पण एक अट. दवाखान्यात जाऊन यायचं. तक्रारदाराची तब्येत ठणठणीत लागते, असा नियम आहे."

असा नियम मी कधी ऐकला नव्हता. मावशी म्हणाल्या, आहे नियम.

घरी आल्यावर त्यांनी मॅडमच्या दवाखान्यात फोन लावला. मॅडम परगावी, शनिवारनंतर भेटतील. मावशी यांना म्हणाल्या, दुसरीकडं न्यायचं. हे म्हणाले, शनिवारपर्यंत थांबू.

२७ फेब्रुवारी

काल शिवरात्र. मावशींनी मला उपास करू दिला नाही.

आज पाच दिवसांनी नळाला पाणी आलं. पाण्यात अत्तींचा आवाज. कानडीत शिव्या देत होत्या. म्हणजे जिवंत आहेत. पाइपलाइनच्या वरच्या अंगाला कुठंतरी.

पाणी उजनी धरणातून येतं. उजनी कुर्डुवाडीच्या पलीकडं.

२८ फेब्रुवारी. कुर्डुवाडी स्टेशन. दुपार

फलाटावरच्या बाकावर बसून लिहितेय. अक्षर हलतंय.

हे ड्यूटीवर गेल्यावर मी दोन साड्या आणि लवंगांची पुडी घेऊन निघाले. गाडीत बसले तर समोरच्या बाकावर मावशी.

"तुम्ही कशाला?"

"मीबी तिलाच शोधायला निघालीया."

मग बरं वाटलं. दोघी असलेलं चांगलं. यांना फोन करून येते, असं म्हणत त्या दारापाशी जाऊन आल्या. उतरल्यावर मला म्हणाल्या, जरा सावलीत बस, तो येतोय, मग धरणावर जाऊ. ऊन फार आहे. रूळ पांढरे दिसतात.

मावशींनी विचारलं, "ती गावली, तर काय सांगणार हायस तिला?"

सांगायचं नाही, विचारायचं आहे, असं मी म्हणाले. दोन वर्षांपूर्वी मला पाचवा महिना होता. बाळ गेलं. त्याच दवाखान्यात ल्युपसचं नाव पहिल्यांदा ऐकलं. तीन दिवस मी वरच्या मजल्यावर पडून होते. शेजारपाजारचे आले. अत्ती आल्या नाहीत. नंतर घरी गेले तर म्हणाल्या, "भात टाक." तेवढंच. मला विचारायचंय, का आला नाहीत.

मावशींनी समोरच्या मालगाडीकडं तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, "खाली बाकड्यावर बसली आसंल की. तिन्ही दिवस. ढोंग करतीया म्हणली हुती ना तुला. वर यायला तोंड नसंल तिला."

"तुम्हाला काय माहीत?"

"अंदाज."

त्या पाणी आणायला गेल्यात. मला वाटतं, ह्या बाईंचं आणि अत्तींचं काहीतरी नातं असावं. नक्की विचारते. त्या बाटली घेऊन येतायत. त्यांच्या कडेनं सगळं पिवळं झालंय आणि रॉकेलचा वास

३ मार्च

मी महानंदा लिहिते. माझी चौथी कानडी शाळेत झाली, मराठी चुकंल. डॉक्टरबाई म्हनल्या वही चालू ठेवा.

लीलाला स्टेशनात फिट आली. मी डोकं मांडीवर घेतलं. हमाल आले, माझा ल्योक गुरुशांत पळत आला. गाडी करून सोलापूरला आनली. डॉक्टरबाई गावाहून आल्यावर गुरुशांतला लई बोलल्या. गोळी आशी एकदम बंद करत्यात का म्हनून. तो भिताडाकडं तोंड करून रडला. पाठीतनं पानी काडलं, डोक्याचा फोटो काडला, रक्त लांब तपासाय पाटवलं. मोट्या सलाईनी चालू हायत, तीन दिवस.

आज सकाळी दोन चमचं पेज खाल्ली. मला म्हनली, मावशी तुमी घरी जा, तुमच्या घरचे वाट बघत आसतील. मी म्हनलं माझ्या घरचं हितंच हाय.

९ मार्च

हात थरथरतो, पण मीच लिहितेय.

मॅडम कॉटवर बसून समजावत होत्या. "शिवलीला, अंगात पहारेकरी असतात. बाहेरचा जंतू आला की धरतात. ल्युपसमध्ये ते घरच्यांनाच परकं समजायला लागतात. सांध्यांना, कातडीला. ह्या पहारेकऱ्यांना अँटीबॉडी म्हणायचं. तुझ्यातले काही मेंदूपर्यंत पोचलेत, असं दिसतंय. रक्तात तसली एक अँटीबॉडी बरीच सापडली."

मी म्हणाले, "किती मूर्ख पहारेकरी. घरचं माणूस ओळखता येत नाही?"

मॅडमनी मावशींकडं बघितलं. मावशी खिडकीबाहेर बघायला लागल्या.

यांनी विचारलं, "म्हणजे गोळ्यांमुळं नव्हतं?" मॅडम म्हणाल्या, स्टेरॉइडनंही असं होऊ शकतं, म्हणून शंका बरोबर होती, उपाय चुकला. हिचा डोस इतका लहान होता की त्यानं एवढं व्हायचं नाही, आणि बंद केल्यावर वाढलं. मेंदूत जंतुसंसर्ग नाही, तेही पाठीतल्या पाण्यावरून बघितलं. "आणि ती अँटीबॉडी सापडली म्हणून तीच गुन्हेगार, असंही मी छातीठोक सांगणार नाही. काहींच्या रक्तात ती असते आणि ती माणसं सुखानं नोकरी करतात. पण तिची लक्षणं, ताप, लघवीतलं प्रोटीन, सगळं एकत्र ठेवलं की चित्र जुळतं."

सलाईनच्या स्टेरॉइडनंतर आता महिन्यातून एकदा दुसरं इंजेक्शन. आणि डोकं शांत ठेवणारी एक छोटी गोळी.

मला फक्त एक कळेना. आपण सगळे इथं बसलो, तर धरणावर अत्तींना शोधतंय कोण?

१४ मार्च

ताप नाही. रात्रभर झोपले.

आज दुपारी मावशी खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या घेत होत्या. तोंड उघडं, हातात अर्धं सोललेलं मोसंबं. त्यांच्या गळ्यातल्या इष्टलिंगाचा दोरा मानेवर रुतून लाल झाला होता. तो दोरा नवा आहे. गड्ड्याच्या जत्रेत मीच आणला होता आणि "लई घट्ट वळलाय" म्हणून अत्तींनी मला दोन दिवस ऐकवलं होतं.

मी विचार केला, झेरॉक्स काढणाऱ्यानं दोरा कुठून आणला असेल? मग विचार केला, झेरॉक्स काढणारा कोण?

मी हाक मारली, "अत्ती."

त्या दचकून जाग्या झाल्या. मोसंबं खाली पडलं. त्यांनी ते उचललं, पदरानं पुसलं आणि एक फोड माझ्या तोंडात घातली. त्यांची हनुवटी नुसती हलत होती.

संध्याकाळी त्या परत मावशी वाटल्या. रडले. मॅडम म्हणाल्या, असंच येतं-जातं, हळूहळू येणं वाढेल.

२३ मार्च

घरी आलो. पेठेत शिरताना विजेच्या खांबावर, पानाच्या दुकानावर, गिरणीच्या दारावर अत्तींचा लग्नातला फोटो. मी खाली बघून चालत होते. गिरणीवाला ओरडला, "काय आजी, सापडलात का?" अत्ती म्हणाल्या, "सापडले की! तुझं पीठ मात्र जाडंच हाय."

मला मागची सगळी पानं वाचायची नव्हती. वाचली. अत्तींचं एक पान सोडलं तर प्रत्येक ओळ माझ्या अक्षरात आहे, शुद्धलेखन बरोबर आहे, आणि एकही खरी नाही. चौकीतलं पान वाचताना मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. मग कुर्डुवाडीचं पान आलं. ते मी तीनदा वाचलं.

स्वयंपाकघरात गेले. अत्ती कणीक मळत होत्या.

"तीन दिवस खालीच होतात?"

त्यांनी कणकेत मूठ दाबली. "जिन्यावरनं दोनदा आर्ध्यापतूर आले हुते."

मग म्हणाल्या, "एक सांगू? तू मावशी म्हणायचीस तवा माज्याशी किती बोलायचीस. अकरा वर्षांत तेवडं बोलली न्हाईस. मला वाटायचं, ही बरी व्हावी. आन वाटायचं, बरी झाल्यावर परत गप्प बसंल."

मी त्यांच्या शेजारी पाटावर बसले. मनगटं दुखत होती, तरी अर्धी कणीक माझ्याकडं ओढून घेतली. प्रेसमधलं सांगत बसले. मागं एका पत्रिकेत "वधू" ऐवजी "वधु" पडलं आणि वराचा बाप कसा भांडायला आला, ते. अत्तींना त्यातला फरक कळला नाही. पण पोळ्या होईपर्यंत ऐकत होत्या.

३० मार्च

आज पाडवा. प्रेसमधलं नवीन मशीन मुहूर्तावर चालू करताना सतीशदादांनी फोन केला, एक तारखेपासून अर्धा दिवस ये म्हणाले. हे सध्या माझ्या गोळ्या हातावर मोजून देतात आणि मी गिळेपर्यंत समोर उभे राहतात. मी काही म्हणत नाही. त्यांना तेवढं करू दे.

५ एप्रिल

दुसरं इंजेक्शन झालं. मॅडमनी विचारलं, आता कधी शंका येते का? मी नाही म्हणाले. खोटं बोलले.

घरी आल्यावर चैन पडेना. अत्ती अंगणात, सावलीत गवार निवडत होत्या. उजेड बाजूनं त्यांच्या तोंडावर पडला होता आणि कान जरा वेगळा दिसत होता. पाळी लांब. मी उंबऱ्यातच थांबले.

ठरवलं, लपवायचं नाही.

"अत्ती, मला आत्ता तुमच्याबद्दल शंका येतीय."

त्यांनी मान वर केली नाही. "किती?"

मी खरंच विचार केला. "पावभर."

"म्हंजे पाऊण मीच हाय की," अत्ती म्हणाल्या आणि परातीतली अर्धी गवार माझ्या पुढ्यात लोटली. "लई झालं तेवडं. बस."